ट्रान्सफॉर्मेशन: भट्टीतलं, गणितातलं आणि डीपीतलं

प्रश्न डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि सध्या एका कारखान्यात ट्रेनिंगला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: ‘ईएन ३१ या पोलादाच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या पिना टर्निंगनंतर बरोबर मापात होत्या. टणक करण्यासाठी हार्डनिंगला दिल्या, परत आल्या तेव्हा व्यास ०.१ मिलिमीटरच्या आसपास वाढला होता. सुपरवायझर म्हणाले, ट्रान्सफॉर्मेशन झालंय, वाढणारच. पण हाच शब्द आम्हाला मॅट्रिक्सच्या धड्यात होता, इलेक्ट्रिकलला ट्रान्सफॉर्मर आहे, बहिणीच्या बायोटेकच्या पुस्तकात जिवाणूंचं ट्रान्सफॉर्मेशन आहे, आणि कंपनीत भिंतीवर डिजिटल ट्रान्सफॉर्मेशनचं पोस्टर आहे. हे सगळं एकच का?’

माझी नोकरी हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलण्याच्या कामात, गेली, त्यामुळे पिनेपासूनच सुरुवात करतो. बाकीचं वाचून, विचारून आणि कामाच्या ओघात कळलेलं आहे.

सुपरवायझरचं म्हणणं खरं आहे, फक्त अर्धं आहे. हार्डनिंगच्या आधीची आणि नंतरची पीन स्पेक्ट्रोवर (धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) लावा. कार्बन एक टक्क्याच्या आसपास, क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास. दोन्ही वेळा रिपोर्ट तोच. वजन करा, तेही तेच. आता कानस लावून बघा. आधीच्या पिनेवर कानस चावते, नंतरच्या पिनेवर नुसती घसरते, उलट कानशीचेच दात जातात. रॉकवेलवर, म्हणजे टणकपणा मोजायच्या यंत्रावर, साठीच्या पुढचा आकडा येतो. माल तोच, वजन तेच आणि वस्तू मात्र वेगळी. मग बदललं काय?

बदलली ती अणूंची बैठक. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसलेले असतात. याला आपण फेराइट म्हणतो. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ही बैठक मोडते, आणि आठ कोपरे व सहा पृष्ठांच्या मधोमध एकेक अशी नवी बैठक तयार होते. ती ऑस्टेनाइट. दुसरी बैठक जास्त दाटीची आहे: पहिलीत ६८ टक्के जागा अणूंनी व्यापलेली, दुसरीत ७४ टक्के. म्हणून तापवताना सतत वाढत आलेलं लोखंड ९१२ ला चक्क आकसतं. पुस्तकात हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. कॉलेजमध्ये डायलॅटोमीटर (तापवताना लांबी किती बदलते ते मोजणारं यंत्र) असेल तर त्यावर एकदा वर जाणारी रेघ खाली वळताना डोळ्यांनी बघा. उच्च कार्बनची लालभडक तापलेली सळई अंधारात हळूहळू थंड होऊ दिली तर ती काळवंडता काळवंडता मध्येच क्षणभर पुन्हा उजळते. अणू परत जुन्या जागी बसताना उष्णता सोडतात, तिचा तो उजेड.

गंमत अशी की दाटी जास्त असूनही कार्बन ऑस्टेनाइटमध्येच जास्त मावतो, कारण त्यातल्या मोकळ्या फटी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या आहेत. ऑस्टेनाइट जास्तीत जास्त २.१४ टक्के कार्बन सामावून घेतं, फेराइट जेमतेम ०.०२२ टक्के. हार्डनिंगचा सगळा धंदा या दोन आकड्यांच्या फरकावर चालतो.

ईएन ३१ आपण ८३० ते ८६० अंशांवर धरतो, कार्बन ऑस्टेनाइटमध्ये विरघळवतो आणि तेलात टाकतो. हळू थंड केलं असतं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळाला असता. तो लोखंड-कार्बनच्या संयुगाच्या, म्हणजे कार्बाइडच्या, पातळ थरांत वेगळा झाला असता आणि मऊ पर्लाइट बनलं असतं. तेलात तो वेळच मिळत नाही. लोखंडाचे अणू फेराइटच्या बैठकीकडे निघतात आणि कार्बन मध्येच अडकतो. बैठक एका बाजूने ताणलेली राहते. हे मार्टेन्साइट, जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ठेवलेलं नाव. धातुशास्त्राच्या पुस्तकांत पहिल्या प्रकाराला नागरी आणि दुसऱ्याला लष्करी ट्रान्सफॉर्मेशन म्हणण्याची पद्धत आहे. पर्लाइट होताना प्रत्येक अणू आपापल्या वाटेने, रमतगमत जातो. मार्टेन्साइटमध्ये संपूर्ण रांग एका हुकमावर सरकते, शेजारी शेजाऱ्याला सोडत नाही, आणि तेही पोलादातल्या ध्वनीच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने.

ऑस्टेनाइट सगळ्यात दाट, फेराइट आणि कार्बाइडचं मिश्रण त्याहून सैल, आणि मार्टेन्साइट सगळ्यात सैल. तुमची पीन मऊ अवस्थेतून निघाली आणि मार्टेन्साइटला पोचली, म्हणून फुगली. ५० मिलिमीटरवर ०.१ म्हणजे ०.२ टक्के. या पोलादाला ती वाढ अगदी नेहमीची. म्हणूनच ड्रॉइंगवर हार्डनिंगपूर्वीचं माप वेगळं देतात आणि ग्राइंडिंगसाठी माल राखतात. पण सगळ्या पिना सारख्याच वाढल्या का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. सारख्या वाढल्या असतील तर सुपरवायझरचं उत्तर पुरे. एकाच लॉटमधली एक ०.०५ ने आणि दुसरी ०.१५ ने वाढली असेल तर नुसतं ‘ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणून भागणार नाही. भट्टीत जॉब कसे रचले होते, ट्रेच्या मधले आणि कडेचे एकाच तापमानाला आले होते का, तेल ढवळलं जात होतं का, हे बघावं लागेल.

आणखी एक. ईएन ३१ मध्ये साध्या तापमानाला येईपर्यंत सगळं ऑस्टेनाइट बदलत नाही. दहा टक्क्यांच्या मागेपुढे तसंच मागे राहतं. थंड करताना मार्टेन्साइट किती होणार हे तापमान किती खाली गेलं त्यावर ठरतं, किती वेळ थांबलात त्यावर नाही. आणि या पोलादाची शेवटची पायरी शून्याच्या बरीच खाली आहे. हे शिल्लक ऑस्टेनाइट महिनोन्महिने थोडं थोडं बदलत राहतं आणि माप सरकवतं. साध्या पिनेला कोणी विचारत नाही, पण गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, असेल तर मोजणारंच चुकायला लागतं. म्हणून गेज क्वेंचनंतर (तेलात झटकन थंड केल्यावर) उणे ७०–८० अंशांवर, नाहीतर द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ पर्यंत नेतात आणि मग टेम्पर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा थोडं तापवतात.

हे सगळं गावचा लोहार नावं न घेता करत आला आहे. छिन्नीला पाणी देताना बघा. तो सगळी छिन्नी तापवत नाही, टोकाकडचा भाग लाल करतो. फक्त टोक पाण्यात बुडवतो, ते मार्टेन्साइट होतं. काचेइतकं ठिसूळ, पहिल्याच घणाला तुटेल असं. मग लगेच बाहेर काढून टोक विटेवर घासून चकचकीत करतो आणि नुसता बघत बसतो. मागच्या तापलेल्या भागातली उष्णता टोकाकडे सरकते आणि चकाकत्या पोलादावर रंग धावायला लागतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा म्हणजे २२० अंशांच्या आसपास, निळा म्हणजे ३०० च्या. जांभळा टोकाला पोचला की सगळी छिन्नी पाण्यात. रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्याचा असतो, पण तो थर्मामीटरचं काम करतो. आमच्या कंट्रोलरवर टेम्परिंगची एक सेटिंग असते. लोहाराच्या छिन्नीत टोकापासून मागे टणकपणा हळूहळू उतरत जातो आणि डोक्याकडचा भाग मऊच राहतो. छिन्नीला नेमकं तेच हवं असतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. एकच आहे का? नाही, आणि सगळ्यांना बसेल अशी एक व्याख्या शोधण्यात वेळ घालवू नका. शब्द समोर आला की दोन गोष्टी विचारा: काय बदललं नाही, आणि परत येता येतं का. ज्याला या दोन्हींची उत्तरं देता येत नाहीत त्याला आपण काय बोलतोय ते माहीत नसतं, असा माझा अनुभव आहे. पोलादात बदलली नाही ती रासायनिक घडण. आणि परत येता येतं: पीन पुन्हा तापवून भट्टीतच हळूहळू थंड करा, ती मऊ होईल. निकेल आणि टायटॅनियमचा निटिनॉल नावाचा मिश्रधातू तर हा प्रवास जाऊन-येऊन करतो. थंड असताना वाकवा, गरम केलं की अणू जुन्या बैठकीत परततात आणि तारही जुन्या आकारात येते. हृदयाच्या रक्तवाहिन्या सोडून शरीरात इतरत्र बसवतात ते आपोआप उमलणारे स्टेंट बहुतेक याचेच असतात.

गणितात पहिला प्रश्न तर पायाच आहे. तुमच्या धड्यातला २×२ मॅट्रिक्स सपाटीवरचा प्रत्येक बिंदू उचलून दुसरीकडे ठेवतो. फिरवण्याचा मॅट्रिक्स असेल तर लांबी, कोन, क्षेत्रफळ काहीच बदलत नाही. तिरकं ढकलणारा असेल तर कोन बिघडतात, क्षेत्रफळ टिकतं. डिटरमिनंट सांगतो क्षेत्रफळ किती पट झालं. तो शून्य असेल तर अख्खी सपाटी एका रेषेवर चेपली गेली आणि परतीची वाट बंद. गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, भूमितीचीच व्याख्या अशी मांडली: ठरावीक ट्रान्सफॉर्मेशन्स केल्यावरही जे टिकतं त्याचा अभ्यास म्हणजे ती भूमिती. मॅट्रिक्स शिकवताना हे कोणी सांगत नाही आणि पोरं डिटरमिनंट पाठ करत बसतात.

आणि तुमचा मॅट्रिक्स तुमच्या पिनेत आहे, अक्षरशः. धातुशास्त्रज्ञ एडगर बेन यांनी १९२४ मध्ये दाखवलं की ऑस्टेनाइटच्या जाळीत मार्टेन्साइटची बैठक आधीपासूनच लपलेली दिसते. एका दिशेने ती वीसेक टक्के दाबा आणि उरलेल्या दोन दिशांनी बारा-एक टक्के ताणा, झालं. ३×३ चा मॅट्रिक्स, कर्णावर तीन आकडे, बाकी शून्यं. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करा. जो थोडा एकच्या वर येतो तेच क्वेंच होताना वाढणारं आकारमान. प्रत्यक्षात सोबत थोडं फिरणं आणि घसरणंही असतं, पण पाया हाच. पोलादाच्या ज्या रचनेला पुढे बेनाइट नाव मिळालं ते याच बेन यांच्यावरून.

फूरियेसारखी ट्रान्सफॉर्म्स वेगळ्या घरातली. तिथे वस्तू हलत नाही, तिच्याकडे बघण्याची पद्धत बदलते. काळानुसार मांडलेला आवाज वारंवारतेनुसार मांडला, बस. माहिती तेवढीच, आणि उलट दिशेने पूर्ण परत येता येतं. व्हॉट्सॲपवर लग्नाचा फोटो फॉरवर्ड होत होत चेहरे चौकोनी दिसायला लागतात त्याचा दोष लोक गणिताला देतात. जेपीईजी या फोटोच्या फाइल-प्रकारात ८×८ च्या चौकटींवर जे कोसाइन ट्रान्सफॉर्म वापरतात ते १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केलं. ते स्वतः काही हरवत नाही. त्यानंतरच्या पायरीत बारीक तपशिलाचे आकडे मुद्दाम मोठ्या टप्प्यांत गुंडाळतात, नुकसान तिथे होतं.

ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गावाकडची डीपी. ११,००० व्होल्ट आत येतात, ४३३ बाहेर पडतात. व्होल्टेज पंचवीसेक पट उतरलं की करंट तेवढाच चढतो. बदलत नाही ती वारंवारता, ५० हर्ट्झ, आणि थोडी गळती सोडली तर पॉवर. ‘डीपी मोठी बसवा म्हणजे वीज जास्त येईल’ असं जे ऐकू येतं ते त्यामुळे फसवं आहे. मोठी डीपी जास्त भार पेलते, वीज मागूनच यायला हवी. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला डीपीत आवडते ती तिच्या पोटातली पत्र्यांची चळत. ते पोलाद तीनेक टक्के सिलिकॉनचं असतं. एवढं सिलिकॉन घातलं आणि कार्बन अगदी कमी केला की लोखंड तापवूनही ऑस्टेनाइटकडे जातच नाही, वितळेपर्यंत फेराइटच राहतं. त्यामुळे भारी तापमानाला ॲनीलिंग (तापवून ठेवून मग हळू थंड करणं) करून सगळे कण चुंबकत्वाला सोयीच्या एकाच दिशेला वाढवता येतात. मध्ये एकदा जरी ऑस्टेनाइट होऊन परत आलं तरी ती शिस्त विस्कटेल. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा गाभा चांगला व्हावा म्हणून त्या पोलादातलं ट्रान्सफॉर्मेशन होऊच द्यायचं नाही. परीक्षेत विचारण्यासारखा प्रश्न आहे, कोणी विचारत नाही.

बहिणीच्या पुस्तकातलं मात्र या सगळ्याच्या उलटं आहे. १९२८ मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंचे दोन प्रकार घेतले: एक आवरण असलेला, उंदीर मारणारा, दुसरा बिनआवरणाचा, निरुपद्रवी. घातक जिवाणू तापवून मारून टाकले आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणूंबरोबर टोचले. दोन्ही वेगवेगळे टोचले तर उंदीर जगत होते. एकत्र टोचल्यावर मेले, आणि त्यांच्या रक्तात आवरणवाले जिवंत जिवाणू सापडले. मेलेल्यांकडून काहीतरी जिवंतांकडे गेलं होतं. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. इथे ‘स्पेक्ट्रो रिपोर्ट’च बदलतो; बाहेरून माल आत येतो आणि पुढच्या पिढ्यांतही उतरतो. सुरवंटाचं फुलपाखरू होताना दिसायला याहून कितीतरी मोठा फरक पडतो, कोशात बरंचसं शरीर मोडून नव्याने घडतं, पण डीएनए तोच राहतो. पोलादाच्या जवळचं कोणतं म्हणाल तर फुलपाखरू. आणि बहिणीला सांगा, कॅन्सरच्या प्रकरणात ‘ट्रान्सफॉर्म झालेली पेशी’ आली तर तो अर्थ तिसराच: वाढीवरचा लगाम सुटलेली पेशी. एकाच पुस्तकात दोन्ही अर्थ येतात आणि मुलं गोंधळतात.

खडकांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण भूशास्त्रवाले आमचे सख्खे भाऊ. चुनखडीचा संगमरवर होतो तेव्हा खडक वितळत नाही. दाबाखाली आणि उष्णतेत, घन अवस्थेतच कॅल्साइटचे कण नव्याने वाढून एकमेकांत घट्ट बसतात. घटक तेच, रचना नवी. कोकणातला आणि गोव्यातला जांभा मात्र त्यांच्या लेखी या रूपांतरित खडकांच्या वर्गात येत नाही. बेसॉल्टसारख्या खडकातून पावसाने लाखो वर्षं सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. तिथे माल निघून गेलेला आहे, म्हणून ते विदारण.

परत येता येतं का, हा दुसरा प्रश्न किती महागात पडू शकतो त्याचं उदाहरण औषधातलं आहे. एचआयव्हीवरचं रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये कॅप्सुलमध्ये त्याच रेणूचे वेगळ्या मांडणीचे स्फटिक तयार व्हायला लागले. रेणू अगदी तोच, पण नवे स्फटिक जास्त स्थिर आणि फार कमी विरघळणारे, म्हणजे शरीरात औषध पोचेना. कॅप्सुल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. एकदा नव्या स्फटिकाचे कण कारखान्यात शिरल्यावर जुना प्रकार बनवणंच अवघड होऊन बसलं आणि औषधाचं स्वरूप नव्याने तयार करावं लागलं. तुमच्या पिनेला निदान पुन्हा भट्टी दाखवता येते.

राहिलं पोस्टर. तिथेही तेच दोन प्रश्न विचारा, कोणी रागावलं तर रागावू दे. आमच्या धंद्यात पूर्वी गोल कागदी चार्टवर पेनने तापमानाची रेघ उमटायची आणि फायरमन (भट्टी सांभाळणारा कामगार) वहीत आकडे लिहायचा. आता ते सर्व्हरवर जातं. फायदा खरा आहे: गिअरवरच्या बॅच नंबरवरून काही वर्षांनीही त्या चार्जचा (भट्टीच्या त्या भरणीचा) आलेख काढता येतो, आणि तेल तापत चाललंय हे पार्ट बिघडायच्या आधी दिसतं. बदललेलं नाही ते असं की आकडा अजूनही भट्टीतल्या त्याच थर्मोकपलवरून (तापमान मोजणाऱ्या तारेच्या जोडीवरून) येतो. ते जुनं होऊन दहा अंश कमी दाखवत असेल तर कागदावरची रेघ जेवढी खोटी होती तेवढाच डॅशबोर्ड खोटा. फक्त रंगीत असल्यामुळे लोक त्यावर जास्त विश्वास ठेवतात. परतीचं म्हणाल तर भट्टीच्या झरोक्यातून नुसता रंग बघून ‘अजून आठशेला आलं नाही’ सांगणारे फायरमन निवृत्त होत आहेत, आणि नव्या मुलांना तो झरोका कशाला असतो हेही कोणी सांगत नाही. ट्रेनिंगला आहात तोवर रोज थोडा वेळ त्या झरोक्याशी उभे राहा, चष्मा लावून, आणि आधी मनाशी आकडा ठरवून मग कंट्रोलरकडे बघा. थर्मोकपलची तपासणी शेवटची कधी झाली आणि भट्टीच्या कोपऱ्या-कोपऱ्यांतलं तापमान कधी मोजलं, त्याचे कागदही मागून बघा. गाड्यांचे पार्ट करणाऱ्यांना सीक्यूआय-९ या हीट ट्रीटमेंटच्या नियमावलीप्रमाणे ते ठेवावेच लागतात, त्यामुळे मागितले तर दाखवतात.